क्लच दबेना

रविराजच्या जुन्या स्पोर्ट्स कारचा गिअरबॉक्स उतरवून पुन्हा बसवला होता, म्हणून ट्रायलला आम्ही दोघं थेट कसारा घाटात गेलो. पहिल्याच मोठ्या उतारावर त्याने क्लच दाबला, तर पेडल खालीच जाईना. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकली. समोरच्या ट्रकवरचं 'हॉर्न ओके प्लीज' दिसायला लागलं, मग त्याखालचा मोबाइल नंबरही.

"भावा, देव आठवतोय का?" मी विचारलं.

"आधी मेकॅनिक आठवतोय," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ब्रेकवर अक्षरशः उभं राहून त्याने गाडी कठड्याजवळ बंद पाडली. मेकॅनिकला फोनवर शिव्या देऊन झाल्यावर मी टॉर्च लावून रविराजच्या पायाशी पाहिलं. पेडलखाली हळदीकुंकू लावलेला नारळ घट्ट रुतून बसला होता. निघताना त्याच्या आईने गाडीची पूजा करून तो सीटखाली ठेवला होता, वाटेत रक्षण व्हावं म्हणून.

त्याने आईला फोन लावून सगळं सांगितलं. काकू शांतपणे म्हणाल्या,



"बघ, नारळ होता म्हणून वाचलात."