सातवा पोपट

अंकुशदादाच्या टूरची बस आज आमच्या दाराशी थांबलीच नाही. सकाळी पडकी देवळं आणि दुपारी आमचा माग, हे ठरलेलं असतं. बाबा पाव्हण्यांसाठी माठ भरून बसले होते. "पंक्चर झालं असेल. जा, हात लाव त्याला," म्हणाले.

बस हायवेवरच्या नव्या दुकानापुढे उभी होती. आत मशीनच्या पैठण्यांचा ढीग. एक उचलून पदरावरचे पोपट मोजले. सातव्याला डोळा नव्हता. दुसरी उचलली, तिच्यातही नव्हता.

असा पोपट फक्त आमच्या घरच्या एका पैठणीत आहे. बाबा तो डोळा विणत होते आणि आई गेली. नंतर त्यांनी साडी पुरी केली, डोळा तसाच सोडला. विकली कधीच नाही. गेल्या महिन्यात अंकुशदादा ती "फोटो काढून आणतो" म्हणून घेऊन गेला होता.

"याला डोळा का नाही हो?" एका बाईंनी विचारलं.

"आमच्या गावची जुनी रीत आहे, मॅडम," अंकुशदादा म्हणाला. तेवढ्यात त्याला मी दिसलो. तरी त्यानं वाक्य पुरं केलं. "नजर लागू नये म्हणून."

आई गेली त्या दिवशी बाबांना मागावरून उठवायला तोच आला होता.