सुतकातलं कार्टून

सुकन्याच्या वडलांची, दादांची राख सावडून झाली तशी उदगीरच्या घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली, आणि आई टीव्हीपुढे बसून कार्टून बघत होती. गावभर धुडगूस घालणारी माकड, शेळी, गाढव अशी जनावरं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या तशी सुकन्या कासावीस झाली.

“आई, बंद कर. लोक काय म्हणतील?”

“म्हनू दे. थांब जरा, आता गाढव बोलतंय.”

“सुतकात कसलं गाढव!” तिनं रिमोट उचलला.

तेवढ्यात गाढव खाकरलं, हुबेहूब दादांसारखं. दादांनी नांदेडला जाऊन कसल्याशा कार्टूनला आवाज दिला होता, हे सुकन्याला आत्ता आठवलं.

गाढव शेळीवर डाफरलं, “लई उंडारून राहिलीस! जेवलीस का?”

“न्हाई,” आई म्हणाली.