पाठ आधी बघायची

“पाठ आधी बघायची, ताई. तोंड काय, विचारलं की बरंच दिसतं.”

अंथरुणाला खिळलेल्या बाबांसाठी घरी येणाऱ्या सिस्टर रोज सकाळी हेच म्हणायच्या आणि त्यांना अलगद कुशीवर वळवायच्या. पाठीवर लाल झालेल्या जागी अंगठा दाबून बघायच्या. बाबांना शेवटी ऐकूही येत नव्हतं, तरी ओला बोळा लावण्याआधी न चुकता सांगायच्या, “गार लागेल हं, जरा.”

आता बाबा नव्हते. आज ताई अंगणात त्यांच्या गाडीपाशी उकिडवी बसली होती आणि तिचा अंगठा दाराखालच्या पट्टीत रुतला होता.

गाडी दिसत होती मात्र झकास. धाकट्या भावाने दुपारभर खपून तिला चकचकीत केली होती. रंगाचा डबा अजून त्याच्या हातात होता.

“बघ, कालची म्हातारी आज नवरी!”

“इथे पत्रा कुठे आहे रे?”

“आहे की. रंग दिसत नाही का?”

“रंग दिसतोय. मी पत्रा विचारतेय.”

तिने जमिनीवर पडलेला स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि पट्टीवर नुसता टेकवला. भोकं बुजवायला भरलेली अर्धवट ओली लांबी ढलप्यासारखी निसटून खाली पडली. आत वर्तमानपत्राचा बोळा होता. ती ओढत गेली, तो येत राहिला, आणि त्याच्यामागून गंजाचा तपकिरी भुगा सांडला. पान उलगडलं तर साबणाची जाहिरात. कसलाही डाग जाईल, अशी हमी दिलेली.

“कागद कोंबलास?”

“सगळेच कोंबतात, अगं. नाहीतर लांबी आत पडते. गॅरेजवाल्याने आकडा सांगितला तेव्हा तूच डोक्याला हात लावला होतास ना? आणि आपण काही विकतोय का गाडी? फुकट देतोय. फुकटच्या गाडीखाली वाकून कोण बघतंय!”

ताईचा आवाज कधी चढत नसे. ती जितकी हळू बोलेल तितकं आपण जपून राहायचं, हे भावाला लहानपणापासून ठाऊक होतं. आता तर तिचं बोलणं जेमतेम ऐकू येत होतं.

“सिस्टर बघायच्या वाकून, बाबांची पाठ. रोज. तू दारातूनच विचारायचास, ‘कसे आहेत?’ आणि नाकाला रुमाल लावून कामावर जायचास.”

“आता ते कशाला उकरून काढतेस?”

“काढते. बाजूने कुणी ठोकलं तर आतल्या माणसाला ही पट्टीच वाचवते. बाबांनी शिकवलंय तुलाही. सिस्टर या गाडीने रात्री-अपरात्री पेशंटकडे जाणार. मागे त्यांची नात बसणार. आणि मधे काय, तर साबणाची जाहिरात? लाज कशी वाटली नाही रे तुला?”

भाऊ डबा या हातातून त्या हातात करत राहिला. “बाबा म्हणाले, गाडी सिस्टरना द्या. देतोय ना आपण?”

“‘नीट करून द्या’ म्हणाले. माझा हात धरून. आणि मी हो म्हटलंय.”

“हो म्हणायला काय जातंय! पैसे कुठून आणायचे?”

“कुजलेलं खरवडायला पैसे लागत नाहीत, मनगट लागतं. ते मी करते. चांगला पत्रा लागेपर्यंत खरवडते. मग कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याकडून तेवढा तुकडा जोडून घेऊ. खिडक्यांचे गज जोडतो तो, हे का नाही जोडणार? वर तांबडा प्रायमर लावू. रंग काय, तुझ्याकडे आहेच.”

“त्या उद्या न्यायला येणार आहेत, ताई!”

“फोन करते. सांगते, गाडीला अजून बरं नाही.”

“आणि हे... हे सगळं सांगणार त्यांना?” त्याचा आवाज एकदम पडला.

“त्या आल्या की आधी पाठ दाखवणार. तोंड तू केलंयस छानच.”

ती घरात गेली. फोनवर दोनच वाक्यं बोलली असेल. बाहेर आली तेव्हा एका हातात तारेचा ब्रश होता आणि काखेत गुंडाळी. बाबांच्या गादीवर वर्षभर अंथरलेलं मेणकापड. भावजयीने ते टाकून द्यायला काढून ठेवलं होतं. दोन कोपऱ्यांना सिस्टरनी बांधलेल्या नाड्यांच्या गाठी अजून तशाच होत्या.

तिने गाडीच्या कडेला ते झटकून पसरलं. सुरकुती राहिली होती ती तळहाताने सारखी केली, पदर खोचला आणि त्यावर आडवी झाली.

“ताई, अगं, ते बाबांचं...”

“हो.”

भावाने डब्याला टोपण लावलं. ते नीट बसेना. दुसऱ्यांदा दाबून लावलं.

ताईने ब्रश उचलला. पण लगेच घासायला घेतलं नाही. आधी मोकळा हात कुजलेल्या पत्र्यावर ठेवला, अंगठ्याने चाचपत चांगली जागा कुठून सुरू होते ते शोधलं, आणि कुणालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

“गार लागेल हं, जरा.”