चौदा नंबरचं बियाणं

“शेतात गेलेत. येतील इतक्यात,” चांगुणा दुसऱ्यांदा म्हणाली आणि मच्छिंद्र पुन्हा ओट्यावर टेकला. घनसावंगीहून जीपला लटकत आलेला माणूस. तिच्या नवऱ्याची गाठ घेतल्याशिवाय परततो कशाला?

मांडीवर पिशवी, पिशवीत हरभऱ्याच्या बियाण्याची चार पाकिटं, डोक्यावर बियाणे कंपनीची टोपी. जालन्याकडं बियाणेवाले गावोगाव हिंडतच असतात, त्यांच्याकडं कुणी वाकड्या नजरेनं बघत नाही. म्हणून हे सोंग. खरं काम पाकिटांच्या खाली होतं: एक हिरवी वही, आणि वहीत नावांऐवजी नुसते नंबर.

ज्या पुरुषांचा जीव पुरुषांवरच जडतो, त्यांच्यात एड्सचं काम करायला राज्य सरकारनं त्यांच्यातलीच माणसं नेमली होती. मच्छिंद्र त्यातला एक. घरच्यांना कळू द्यायचं नाही, हा पहिला नियम. चौदा नंबर म्हणजे चांगुणाचा नवरा रामकिसन. जालन्याला अशा पुरुषांच्या मंगळवारच्या बैठकीत तो केशरबाई व्हायचा. टॉवेलचा पदर डोक्यावर घेऊन गवळण म्हणायचा, आणि असा हसायचा की मच्छिंद्रला ते हसू आठवडाभर पुरायचं. जीव होता त्याचा केशरबाईवर. आता लपवायचं काय त्यात?

पण रक्तात दोष निघाला आणि त्या दिवसापासून केशरबाई गायब. तीन महिने झाले. यंदा या रोगाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला लागल्या होत्या, सोमवारी जालन्याहून पेशंटांना घेऊन गाडी औरंगाबादला जाणार होती. ही गाडी हुकली तर पुढची कधी, देव जाणे. आणि तोवर माणूस टिकेल याची हमी कोण देणार?

हे सगळं ओठांवर येत होतं, पण बोलणार कुणापाशी? शेजारी रामकिसनची चुलती सोनूबाई लसूण सोलत बसली होती. हात लसणावर, कान इकडं.

“कोन्ती कंपनी म्हन्ता?”

“जालन्याची, मावशी.”

“मागल्या साली एक जण असंच गोड बोलून बोगस बी गळ्यात मारून गेल्ता. त्याला निदान मिशी तरी होती!”

सोनूबाई स्वतःच्याच बोलण्यावर खदखदून हसली. मच्छिंद्रही हसला. अशा टोमण्यांची त्याला लहानपणापासून सवय होती, तरी लागायचं ते लागलंच.

दाराशी रबरी चपलांचा जोड पडला होता. डाव्या टाचेला तार बांधलेली. मच्छिंद्रनं तो ओळखला; मंगळवारी नाचताना तीच चप्पल निसटायची. पण भादव्याच्या चिखलात चपला घालून शेतात जातं कोण? गेला असेल अनवाणी.

चांगुणानं चहा आणला. एक कप मच्छिंद्रला, एक सोनूबाईला, तिसरा घेऊन ती आत गेली. आली ती रिकाम्या हातानंच. बाई वाळून काडी झाली होती, डोळ्यांखाली काळं. कामाचा रगाडा असेल, मच्छिंद्रला वाटलं.

“किती वाट बघनार? निरोप सांगा,” ती म्हणाली.

मच्छिंद्रनं घसा खाकरला. “वैनी, त्यांना म्हणावं, कंपनीचं नवीन बी आलंय. सोमवारी सकाळी दहाला जालन्याला या. काही झालं तरी चुकवू नका.”

“फुकट हाय का?”

“बिलकुल फुकट. येन्याजान्याचा खर्चा बी आमचाच.”

“आन् त्यानं पीक हाती लागतं?”

“वेळेवर घेतलं तर लागतं, वैनी. उशीर झाला तर मंग कुणाच्याच हातात न्हाई.”

चांगुणा खाली बघत पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरत राहिली. मग एकदम म्हणाली, “तुमच्याकडं बायकांना घेतेत का?”

बियाणे कंपन्यांच्या प्लॉटवर कपाशीचं क्रॉसिंग, म्हणजे एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावायचं काम, मजुरीनं बायकाच करतात. ही मजुरीचं विचारतेय, मच्छिंद्रनं ताडलं. आता हो म्हणावं तर उद्या गावच्या दहा बायका कंपनीच्या दारात उभ्या राहतील आणि सोंग उघडं पडेल.

“न्हाई वैनी,” तो हसत म्हणाला, “आमच्याकडं फक्त गडीमाणसं.”

चांगुणाचा चेहरा उतरला. “बायांची फुकाची हाव!” सोनूबाई पुटपुटली.

ऊन कललं तरी रामकिसन आला नाही. शेवटची जीप गाठायची म्हणून मच्छिंद्र उठला. एवढ्या लांब येऊन निरोप ठेवून जायचं, तोही बियाण्याचा. कळेल का केशरबाईला? येईल का ती? स्वतःच्या माणसाचं नाव घेऊन हाक मारायची सोय नाही, हे कसलं जिणं!

“मी फाट्यापोत येते, लाकडं आनायचीच हायेत,” म्हणत चांगुणा मागोमाग निघाली. फाट्यावर जीप उभी होती, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. मच्छिंद्रनं पिशवी खांद्याला लावली तशी तिनं पदराची गाठ सोडली. आतून दोन कागद निघाले. एक बैठकीत मिळणारं हिरवं कार्ड, घामानं मऊ झालेलं. त्यावर मच्छिंद्रच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: चौदा.

“घरातच हायेत ते. आठ दिस झाले, अंथरूण सोडलं न्हाई. चुलत सासूला नुसता ताप म्हनून सांगितलंय. तुमचा आवाज ऐकून रडले, पन बोलवू नको म्हनले,” ती म्हणाली. “तापात समदं सांगितलं त्यांनी. तिथं नाचतेत, हसतेत म्हने. मी तर त्यांना कधी हसताना पाह्यलं न्हाई, भाऊ.”

तिनं दुसरा कागद त्याच्या हातावर ठेवला. अंबडच्या दवाखान्याचा, रक्त तपासल्याचा, तोच दोष निघाल्याचा. वर नाव होतं: चांगुणा रामकिसन.

“आता बराबर सांगा,” ती म्हणाली. “बायकांना खरंच घेत न्हाईत?”