तेराशे ग्रॅम

"सदरा काढा, बाबा," रोहिणी सिस्टर म्हणाली.

सटवाजीला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. ताडकळसहून पहिल्या एसटीनं तो परभणीच्या दवाखान्यात आला होता ते नातीचं तोंड बघायला. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला, तेही एका बाईमाणसानं, सदरा काढायला सांगावं?

सिस्टरनं न चिडता समजावलं. पोर सातव्या महिन्यातच झालेली. वजन तेराशे ग्रॅम. बाळंतपणात सुनेला, सविताला झटके आले होते, ती शेजारच्या वॉर्डात पडून होती, तिला अजून उठून बसता येत नव्हतं. पोरीला आता काचेच्या पेटीतल्या उबेपेक्षा माणसाच्या अंगाची ऊब पाहिजे होती. उघड्या छातीशी बांधून तासन् तास बसायचं. कडूबाईला, म्हणजे सटवाजीच्या बायकोला खोकला झाला होता, म्हणून तिला आत सोडत नव्हते.

"आन् ह्यो?" सटवाजीनं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या लेकाकडं, महारुद्रकडं बोट केलं. "बाप ह्यो हाय का मी?"

सोयाबीनचं पोतं एकट्यानं उचलणारा महारुद्र फरशीकडं बघत होता.

"तुम्ही आल्यापासून त्यांना तीनदा विचारलं. नको म्हणतात."

"लेकराच्या जिवावर बेतलंय आन् ह्यो लाजायलाय!" सटवाजी कडाडला. त्यानं रागारागानं सदरा काढला, कोपरापर्यंत हात धुतले आणि खुर्चीत जाऊन बसला. "द्या हिकडं."

सिस्टरनं पोर त्याच्या छातीवर ठेवली, तिची मान एका बाजूला वळवली आणि वरून फडकं बांधलं. आधी त्याला वाटलं, काही ठेवलंच नाही. मग त्याच्या काळजाच्या वर दुसरं एक काळीज धडधडायला लागलं, त्याच्या दुप्पट घाईनं. सटवाजीनं श्वासही बेतानं घेतला. पाच लेकरं झाली होती त्याला. पण हे असं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चार दिवसांत तो त्या खोलीतला जाणता माणूस झाला. दुसऱ्यांचे बाप घाबरत घाबरत आत आले की हा खुर्चीतूनच हुकूम सोडायचा. "मान अशी ठिवा. नाक मोकळं पाहिजे. आन् भ्यायचं न्हाई, त्याला कळतंय." सोनपेठकडचा एक तरुण बाप त्याला म्हणाला, "बाबा, तुमाला लय सवय दिसायलीय."

"सवय? आरं, आमच्या येळेला बापासमोर लेकराला हात लावायची टाप नव्हती कुणाची. माझा थोरला रांगायला लागला तवा कुठं मी त्याला नीट बघितलं. ह्या महारुद्रनं मागं त्याच्या थोरल्या पोरीला माझ्यादेखत वट्यावर मांडीवर घेतलं, तर असा झापला की पुन्हा हिंमत न्हाई केली. रीत म्हंजे रीत!" हे सांगताना त्याची मान ताठ झाली. छातीवरची नात झोपलेलीच होती.

रोज सकाळी वजन व्हायचं. कधी पंधरा ग्रॅम वाढ, कधी वीस. सटवाजी छातीवर थाप मारायचा. "म्हाताऱ्याच्या अंगात अजून धग हाय म्हणावं." मग बाहेर बाकावर बसलेल्या महारुद्रला ऐकवायचा, "तू बस हितंच. नुसता नावाचा बाप."

"व्हय आण्णा," महारुद्र म्हणायचा.

एकदा सिस्टर वजन लिहिता लिहिता म्हणाली, "सगळी ऊब एकट्याची नसते, बाबा." सटवाजीला वाटलं, ती औषधांबद्दल बोलायलीय. एक वाजला की मात्र ती आठवणीनं त्याला उठवायची. "जेवून या. सावकाश जेवा. जरा आडवेपण व्हा. तीनशिवाय येऊ नका." इतकी माया करणारी सिस्टर त्यानं पाहिली नव्हती.

बाराव्या दिवशी गावाकडून येणारा डबा आलाच नाही. एसटी वाटेत बंद पडली होती. दवाखान्याबाहेरच्या लिंबाखाली थोडा वेळ वाट बघून सटवाजी उपाशीच परत फिरला. खोलीच्या काचेपाशी आला आणि तिथंच थबकला.

त्याच्या खुर्चीत महारुद्र बसला होता. उघडा. छातीवर पोर बांधलेली, मान बरोबर वळवलेली, नाक मोकळं. नवशिक्याचा हात नव्हता तो. महारुद्र खाली वाकून तिच्याशी बोलत होता. "झोप तवर. आण्णा येतेत आता, मग त्यांच्याकडं जायचंय."

सिस्टर लगबगीनं बाहेर आली. दार तिनं मागं लोटून घेतलं.

"कवापास्नं चाललंय हे?" सटवाजीचा आवाज चढला नाही, याचं त्यालाच नवल वाटलं.

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही जेवायला गेलात की ते घेतात. संध्याकाळी चहाला गेलात की परत."

"मग माझ्यापुढं नको का म्हन्ला?"

विचारलं आणि त्याचं त्यालाच वट्यावरचं ते झापणं आठवलं. सटवाजीनं नजर काढून घेतली.

बारा दिवस त्या पोराला शिव्या घातल्या होत्या. बारा दिवस ते "व्हय आण्णा" म्हणत होतं.

आत महारुद्रला कसली तरी चाहूल लागली. त्यानं दचकून वर बघितलं आणि त्याचा हात फडक्याच्या गाठीकडं गेला. सटवाजी चटकन काचेपासून बाजूला सरकला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. पोटात कावळे ओरडत होते.

"सिस्टरबाई," तो अगदी हळू म्हणाला, "त्याला म्हणावं, गाठ सोडू नको. म्हातारा अजून जेवायलाय."