उरलेले भाग

"आई, सोडली मी ती मालिका. शेवटच्या सीझनला सगळ्या सुपरहिरोंची पार माती केलीय," म्यूनिकहून मुलगा फोनवर वैतागला.

इतकी वर्षं दोघं आपापल्या घरी ती बघत आणि रविवारी फोनवर तासभर भांडत. एरवी त्याचं बोलणं दोन मिनिटांत आटपे.

कुमुदिनीबाई आरती होण्याआधी कीर्तनातून कधी उठल्या नव्हत्या. उरलेले भाग त्यांनी एकटीने शेवटपर्यंत बघितले. शेवट फसलाच होता. सगळे वीर एकमेकांना न भेटताच पांगले.

रविवारी त्या म्हणाल्या, "ऐक, बुवांसारखं रंगवून सांगते." आणि मनानेच त्यांनी साऱ्या वीरांना एका घरी जेवायला बसवलं.

"असं दाखवलंय?" मुलगा हसला. "मग पुढे?"

"पुढचे भाग बघायचेत रे अजून. येत्या रविवारी सांगते."