पुनवेचा आकडा

चौकट मागच्या पडवीत सापडली आणि रुतिका तिच्यापुढे नुसती उभी राहिली.

गाडी चार वाजता येणार होती. बॅगा भरून झाल्या होत्या, एवढी चौकटच राहिली होती. प्लास्टिकच्या पाइपाची, मीटरभर लांब, मीटरभर रुंद. जपानच्या प्राध्यापकांनी मुद्दाम कळवलं होतं, येताना तीच सुटी करून आणा, आपण इथल्या चिखलावरही तीच ठेवू.

रुतिका छत्तीस वर्षांची, तळवलीच्या धर्माची एकुलती एक मुलगी. धर्मा खाडीत जाळी टाकणारा आणि ही खाडीतल्या निवट्यांची डॉक्टर. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारणारा बोटभर मासा. नावामागे डॉक्टर लागून आठ वर्षं झाली, पण दोन-तीन वर्षांपुढचा पत्ता तिला कधी कुणाला सांगता आला नाही. आधी पुण्यात पोस्ट-डॉकची मुदतीची नोकरी, मग गोव्यात तशीच. कायमच्या जागेसाठी सात मुलाखती झाल्या. सातही ठिकाणी चहा चांगला होता.

दर खेपेला निघताना धर्माची बायको कमळी लेकीची ओटी भरायची. लग्न झालं नाही म्हणून काय झालं, घरातून लेक जाते तर ओटी भरायचीच, असा तिचा हट्ट. नारळ, तांदूळ, वर सुकटीची पुडी. जपानला सुकट नेऊ देतात की नाही, याची तिला पर्वा नव्हती.

धर्माकडे द्यायला तसं काही नसायचं. पण रुतिका गोव्याला गेली, दर पुनवेला तिला येणं जमेना, तेव्हा मोजणीचं काम त्याने अंगावर घेतलं. ओहोटीला चिखलात उतरायचं, चौकट ठेवायची, आतली निवट्यांची बिळं मोजायची आणि फोन करायचा. तो नमस्कार-चमत्कार करायचा नाही. "एकवीस" म्हणायचा आणि फोन ठेवायचा. तीन वर्षांत एक पुनव चुकली नाही. रुतिकाच्या शोधनिबंधाच्या शेवटी, आभारांत, त्याचं नाव छापून आलं होतं.

जपानची जागा मिळाली ती त्याच आकड्यांवर. मुलाखतीत प्राध्यापक म्हणाले होते, "आमच्याकडे निवट्या निम्म्यावर आल्या. तुमच्या खाडीत पाच वर्षं आकडा जागचा हलत नाही. असं का?"

"तेच शोधायला मला बोलवा," ती म्हणाली होती. त्यांनी बोलावलं.

आणि आता ती चौकट तिच्यापुढे होती. तोंडलीचा वेल तिच्यात आरपार विणून गेला होता. चारही कोपरे सुतळीने खांबांना बांधलेले. वेलाचं खोड अंगठ्याएवढं जाड झालेलं. पाइपावर चिखलाचा थेंबही नव्हता.

"आय, यो वेल कवाचा गं?"

"दोन वरसं झाली की," कमळी आतून म्हणाली. "मांडव पायजे व्हता. तुझ्या बाबानंच दिली ती चौकट."

मागच्याच पुनवेला बाबाने फोनवर सांगितलं होतं, "बावीस."

रुतिका तिथेच पायरीवर बसली. तिला बाबाचा राग आला. मग स्वतःचा आला, की तीन वर्षांत एकदाही तिला त्याच्याबरोबर चिखलात उतरावंसं वाटलं नाही. दोन दिवसांसाठी यायची, जेवायची, आकडे उतरवायची आणि जायची; मागच्या पडवीकडे फिरकायचीही नाही. आता गेली तर त्या चोवीस पुनवा खोट्या आहेत हे माहीत असून जायचं. नाही गेली तर या वयात दुसरी जागा कोण देणार? तिने फोन काढला आणि प्राध्यापकांना लिहायला घेतलं. मागच्या दोन वर्षांचे आकडे खरे नाहीत. एवढं लिहून झालं. पुढे कारण लिहायला हवं होतं. ते तिला माहीत नव्हतं.

गाडी यायची वेळ झाली म्हणून धर्मा तिला बोलवायला मागे आला. त्याने तिला पाहिलं, मग चौकट पाहिली. तो तिच्याशेजारी येऊन बसला.

"पयलं वरीस चोख मोजलं," तो म्हणाला. "मंग चिखल काला परला. चौकट न नेता सा पुनवा नुसता बघाला गेलो. एक बील दिसंना. मंग कशाला जाव?"

"मंग शून्य सांगायचं, बाबा. शून्य पन आकडाच हाय." ती म्हणाली. "निवट्या कशानं संपतात, मी आठ वरसं शोधतेय ना, ते तेच व्हतं. शून्यच पायजे व्हता मला."

हे धर्माला कुणी सांगितलं नव्हतं. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. आतून कमळी ताट घेऊन आली. ताटात नारळ, तांदूळ आणि कागदात बांधलेली सुकट होती.

"पन का, बाबा?" रुतिकाने विचारलं. तिच्या फोनवरचं पत्र अजून अर्धंच होतं. "मला लिवायचं हाय. असं का केलंस?"

धर्मा बायकोच्या हातातल्या ताटाकडे बघत राहिला.

"तुझी आय दर खेपेला ओटी भरते," तो म्हणाला. "माझ्याजवल तुला द्याला तो आकडाच व्हता, बाय. लेकीच्या ओटीत शून्य कसा घालू?"